हत्तीग्रस्त बोनकोडे

दोन राष्ट्रांची मैत्री परस्परांना ओळखण्यातून वाढते, असं जाणते सांगतात. १९५८ साली बोनकोड्याला आलेल्या साहेबाला हिंदुस्थानची पुरती ओळख होती. बघत मात्र तो पहिल्यांदाच होता.

साहेब एका धनवान देशाच्या परराष्ट्र खात्यातला. या मुलखाला कसली मदत धाडायची, हे त्याच्या अहवालावर ठरणार होतं. गावच्या वतीने बोलणाऱ्या शेतकरी धर्मराजला हवे होते फक्त दगड आणि सिमेंट. खाडीचा बांध फुटून दोन वर्षं भरतीचं पाणी भातशेतात शिरत होतं; पावसाळ्याआधी खिंडार बुजलं नाही, तर तिसरं पीकही गेलंच.

"साएबाला बांध दाखवा," बायकोने, गोजराने, सकाळीच बजावलं होतं. "गमजा नका मारू."

धर्मराजने खिंडार दाखवलं. साहेबाने मान डोलावली नि हातातली पुस्तिका उघडली. तीत हिंदुस्थानची तीन चित्रं होती: साप, साधू आणि हत्ती. साप येतानाच बांधावर दिसला होता. साधू म्हणून उघड्या अंगाच्या धर्मराजचा फोटो काढून झाला होता.

"साहेब विचारतात, हत्ती कुठे आहेत?" दुभाषा म्हणाला.

खारजमिनीवर हत्ती! धर्मराजला राहवेना.

"हाय ना! भादव्यान येतो. दीड दिस घराघरान बसतो, मोदक खातो, नि वाजतगाजत खाडीन जातो."

बांधावरची माणसं खो खो हसली. दुभाष्याने शब्दाला शब्द लावून दिला. हसण्याचं भाषांतर त्याच्या कामात बसत नव्हतं. साहेब गंभीर झाला.

"कुठल्या वाटेने जातो?"

"ह्याच की. बांधावरून."

साहेबाने खिंडाराकडे पाहिलं आणि वहीत बराच वेळ लिहिलं.

"लय लिवून घेतला त्याने," धर्मराजने घरी येऊन सांगितलं.

"तुमी काय सांगितला पन?"

धर्मराजने प्यायला पाणी मागितलं.

तिकडे परराष्ट्र खात्यात अहवालाचं फार कौतुक झालं, कारण कुणाला नवल वाटावं असं त्यात काहीच नव्हतं. हत्तींच्या हंगामी उपद्रवापासून खाडीकाठचं संरक्षण करायचं, असं धोरण ठरलं. मे अखेरीस होडीतून काटेरी तारेची साठ भेंडोळी उतरली. वर मैत्रीचा फलक.

त्या वर्षी बोनकोड्याने तांदूळ पनवेलच्या बाजारातून आणला.