सात पासष्टची नळी

लिनार्ड बेत्सोलाचा ताठा एवढा की दारातून आधी तो आत यायचा आणि मागून लिनार्ड. सैन्यातून सुटताना मिळालेलं पिस्तूल आणि त्याच्या जोरावर सलग एकतीस वर्षं मिळवलेले बिल्ले, हीच त्याची इस्टेट. दर वर्षी मे महिन्याच्या शेवटी गावच्या नेमबाजीच्या स्पर्धेत ठरलेले गुण पडले की कोटाला पानांच्या कड्याचा बिल्ला लागतो. लिनार्डचा एकाही वर्षी चुकला नव्हता.

यंदाच्या हिवाळ्यात ओंडके चढवताना त्याचं उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण जोर गेला तो गेलाच. मार्चमध्ये त्याने चोरून नेम धरून पाहिला, तर नऊ मिलिमीटरच्या गोळीच्या धक्क्याने हात असा उडाला की सहापैकी दोन गोळ्या कागदालाच लागल्या नाहीत. त्या दिवशी घरी येऊन तो जेवला नाही.

शेवटी पिस्तूल गुंडाळून तो मेंगियाकडे गेला. बापामागे बंदुका दुरुस्तीचं दुकान चालवणारी ही बाई खोऱ्यात एकटीच, आणि तोंडाने फटकळ.

"हात दाखव," ती म्हणाली.

"हाताला काही झालेलं नाही."

"मग पिस्तुलाला ताप आलाय का? दाखव म्हणते ना."

तिने मनगट दाबून पाहिलं. लिनार्डने दात आवळले.

"नळी आणि स्प्रिंग बदलते. सात पॉइंट पासष्टची घालू. काडतुसाचं बूड तेवढंच, गोळी बारीक, धक्का कमी. बाकी पिस्तूल तुझंच राहील. नियमातही बसतं."

आता आली का पंचाईत! सात पासष्टला जन्मभर शिलाई मशीनची गोळी म्हणून हिणवणारा हाच बाबा. शेवटी त्याने पिस्तूल तिच्यापुढे सरकवलं.

"कोणाला कळता कामा नये," तो म्हणाला.

"माझ्याकडून नाही कळायचं," मेंगिया म्हणाली आणि कामाला लागली.

तीन आठवड्यांनी तिने पिस्तुलाबरोबर एक कागद पुढे ठेवला. पाच गोळ्या, पाचही भोकं अंगठ्याखाली झाकली जातील अशी. तिने तो कागद उगाचच दोनदा सरळ केला. आपल्या कामाचा अभिमान तिला लपवता येत नव्हता, आणि का लपवावा? लिनार्डने शेजारच्या खोऱ्यात जाऊन तिच्याकडचीच काडतुसं उडवून सराव केला. हात स्थिर राहिला. तो शीळ घालत परतला.

एवढा शहाणा माणूस, पण एक गोष्ट साफ विसरला. नेमबाजीच्या दिवशी घरची काडतुसं चालत नाहीत. ती तिथल्या टेबलावरच घ्यायची, सगळ्यांदेखत. एकतीस वर्षं टेबलामागचा याखेन न विचारता नऊचं पाकीट सरकवायचा, हा उचलायचा. विचारण्यासारखं त्यात काही आहे, हे त्याच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

"हे घे, तुझं नेहमीचं," याखेनने पाकीट सरकवलं. मागे निम्मं गाव रांगेत उभं.

लिनार्डचे कान तापले. मनगट दुखतंय म्हणून घरी जावं, तर बत्तिसावं वर्ष कोरडं. पाकीट मुकाट्याने उचलावं, तर ती काडतुसं या नळीत शिरणारही नाहीत. त्याला मेंगियाचा तो कागद आठवला. इतकं देखणं काम आपण चोरीच्या मालासारखं लपवतोय, याची त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"हे नको," तो मोठ्याने म्हणाला. "सात पासष्ट दे."

"काय रे, शिवायला बसणार का?" मागून कोणीतरी म्हणालं, आणि रांग खिदळली.

लिनार्ड वळला. "बसणार. माझं मनगट गेलंय. मेंगियाने नळी बदलून दिली. असं काम खोऱ्यात दुसऱ्या कोणी करून दाखवावं, मग हसावं."

हसू थांबलं. याखेन लालबुंद झाला होता. त्याने वाकून टेबलाखालून सात पासष्टच्या काडतुसांचं एक खोकं काढलं. खोकं आधीच फोडलेलं होतं.

"हे कोणी वापरलं?" लिनार्डने विचारलं.

याखेनने रांगेकडे पाहिलं, मग स्वतःचं पिस्तूल टेबलावर ठेवलं. "मी. चार वर्षं झाली, बोटं आखडतात. माझीही नळी मेंगियानेच बदलली. वाटणारा मीच, मला कोण विचारणार?"

लिनार्डने मेंगियाला शोधलं. ती बाकावर बसून अक्रोडाचा केक खात होती. "तुला ठाऊक होतं?"

"याचं गुपित तुला सांगितलं असतं, तर तू तुझं पिस्तूल माझ्याकडे आणलं असतंस?"

तो गेला आणि त्याने अठरा गोळ्या एकामागून एक उडवल्या. बिल्ला मिळाला. याखेनला दोन गुण जास्त पडले, म्हणून लिनार्ड त्याच्याशी तासभर भांडलाही, पण छाती फुगली होती ती फुगलीच.

ऊन उतरायच्या आत तीन म्हातारे हातातली पिस्तुलं कोटाआड धरून मेंगियाच्या बाकाभोवती घुटमळू लागले. एकजण तिच्या कानाशी वाकला, तोच लिनार्डने त्याला खांद्याला धरून मागे ओढलं.

"रांगेत उभे राहा," तो म्हणाला. "आणि काय हवंय ते मोठ्याने सांगा."