चेंडा टेकतो ती जागा

"वाका, आशान. अजून वाका. आता कमरेचं मुंडू सोडून परत बांधा, लुंगी बांधतात तसं."

"सिस्टर, एवढी कसरत मी स्वतःच्या लग्नातही केली नव्हती," राघव मारार कुरकुरत खाटेवरून उठले. त्यांना सगळे आशान, म्हणजे गुरुजी म्हणत.

एलिकुट्टी सिस्टर गुडघ्यांवर बसून त्यांच्या पोटाकडे बघत होती. त्रिशूरच्या त्या कॅन्सर रुग्णालयात सव्वीस वर्षं तिचं काम हेच. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी रोग्याच्या पोटावर शाईचा एक ठिपका काढायचा. उद्या आशानचं गुदाशय कॅन्सरसकट निघणार होतं आणि शौचाची वाट त्या ठिपक्यातून कायमची बाहेर येणार होती. तिथे पिशवी चिकटवायची. ठिपका अर्धा इंच चुकला की पिशवी जन्मभर गळते. एलिकुट्टीचा ठिपका आजवर चुकला नव्हता, आणि हे दहा जणांना ऐकवायलाही ती कधी चुकली नव्हती.

नेहमीप्रमाणे तिने डावीकडे, बेंबीच्या खाली खूण केली. "झालं. मुंडूत झाकलं जाईल. कुणाच्या बापाला कळायचं नाही."

आशानची बायको पंकजाक्षी खाटेच्या कडेला उभी होती. ती हळूच म्हणाली, "पण सिस्टर, चेंडा तिथेच टेकतो की हो."

एलिकुट्टीने शाईचं पेन खाली ठेवलं. पंचेचाळीस वर्षं हा माणूस देवळांच्या उत्सवात खांद्याला चेंडा नावाचा ढोल अडकवून वाजवत होता. तिने रोग्यांना बसवलं होतं, वाकवलं होतं, जिने चढायला लावले होते. ढोल अडकवायला मात्र कधी सांगितलं नव्हतं.

"चेंडा मागवा," ती म्हणाली.

दुपारी पंकजाक्षीचा भाऊ रिक्षातून चेंडा घेऊन आला. आशानने पट्टा खांद्यावर घेतला, आणि चेंड्याची कड नेमकी ठिपक्यावर टेकली.

"तीन तास असा दाबला तर पिशवी फुटणारच."

"मग मला ऑपरेशनच नको," आशान शांतपणे म्हणाले. "वाजवायचं नाही तर जगून काय माशा मारू?"

"थांबा हो! उजवीकडे काढते. पण तिथे खाली तुमच्या जुन्या ऑपरेशनचा व्रण आहे. वर घ्यावं लागेल, मुंडूच्या वर. वादकांच्या मेळात तुम्ही उघड्या अंगाने उभे राहता. साऱ्या गावाला पिशवी दिसेल."

पंकजाक्षीने नवऱ्याकडे पाहिलं.

"दिसू दे," आशान म्हणाले. "लोक ऐकायला येतात. पोट बघायला येत असते, तर पोट कमावलं असतं."

ठिपका बघून तरुण डॉक्टर निहादनी कपाळाला हात लावला. ते तिला चेच्ची, म्हणजे ताई म्हणत. "चेच्ची, आतडं पोटाच्या या टोकाहून त्या टोकाला न्यायचं? पोचायला तर हवं!"

"चार हातांचं रोबोयंत्र आणलंय ना मिरवायला? मग पोचवा."

एरवी ती शस्त्रक्रिया बघायला जात नसे. दुसऱ्या दिवशी गेली. डॉक्टर कोपऱ्यात यंत्राला डोळे लावून बसले होते, रोग्याला त्यांचा हातही लागत नव्हता. पडद्यावर इवलीशी पोलादी बोटं केसाएवढ्या नसा एकेक करून बाजूला ठेवत होती. रक्त जवळजवळ नव्हतंच. डाव्या बरगड्यांखाली दडलेलं आतडं वीतभर सुटलं, मग आणखी वीतभर. सहाव्या तासाला ते तिच्या ठिपक्यातून अलगद वर आलं. माणसाने माणसासाठी काय काय करून ठेवलंय, असं मनात येऊन एलिकुट्टीचे डोळे भरले. तिने छातीवर क्रूस काढला.

आठ महिन्यांनी आशानच्या गावचा उत्सव आला. तिथल्या देवळात ख्रिस्ती बाईला प्रवेश नव्हता, म्हणून एलिकुट्टी फाटकाबाहेर उभी राहिली. मेळ हत्तींसमोर वाजत बाहेर आला. मधोमध आशान होते. वजन उतरलेलं, छातीच्या फासळ्या मोजून घ्याव्यात अशा. डावीकडे चेंडा, आणि उजवीकडे पिशवीवर पांढरं आवरण, सोनेरी काठाचं. पंकजाक्षीने जुन्या मुंडूच्या किनारीतून ते शिवलं होतं.

एलिकुट्टीची नजर तिथेच खिळली. गळते का, सुटते का? काठीच्या प्रत्येक घावाला सोनेरी काठ हलत होता. भोवतालचे हजारो लोक मात्र आशानच्या हातांकडे बघत होते.

लय चढत गेली. लोकांचे हात हवेत उडू लागले. केव्हातरी एलिकुट्टीचाही हात वर गेला. पिशवीकडे बघायचं ती विसरूनच गेली होती.