आठपट वेगाची भट्टी

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं घरचे म्हणतात. म्हणू देत! त्या दिवशी तो शेंडा सोडून थेट डोक्यात गेला होता, आणि तोही कुणावर, तर दादावर.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. पोलादाच्या कारखान्यात तो वर बसून भट्टी चालवतो. मी खाली, भट्टीच्या पोटाखाली, उकळतं पोलाद झेलणाऱ्या लॅडलची, म्हणजे भल्यामोठ्या बादलीची, गाडी सांभाळते. आता जुनी भट्टी जाऊन नवी येणार होती आणि नवीवर माणसाला खुर्ची एकच. ती कुणाला द्यायची, यावर मोठ्या साहेबांनी शक्कल काढली. कॉम्प्युटरवर पोलाद बनवायची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा असते. देशोदेशीचे विद्यार्थी उतरतात, कारखान्यांतली मुरलेली माणसं उतरतात. पोलाद खरं नाही, पण हिशेब सगळा खरा. कमीत कमी खर्चात ज्याचा माल पास, तो वर. आपल्यातला जो सगळ्यात वर येईल त्याची खुर्ची, आणि दादा हरला तर त्याची रवानगी दुसऱ्या गावच्या गोदामात.

दादा गोदामात! ज्याने उभी हयात आगीशी संसार केला, त्याने पोत्यांवर शिक्के मारत बसायचं? ऐकल्यापासून वहिनीच्या घशाखाली घास उतरत नव्हता. "तुम्ही दोघं जिंकूनच या," एवढंच ती म्हणाली आणि उगाच धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागली.

जोडीने उतरायची मुभा होती, म्हणून मी दादाची जोडीदार झाले. माउस धरायला मीच शिकवलं त्याला. पहिले काही दिवस तो माउस असा घट्ट दाबून धरायचा, की सोडला तर पळूनच जाईल. पण भट्टीचं गणित त्याच्या रक्तात होतं. बघता बघता आमचं नाव वर सरकलं.

आणि आमच्याही वर कोण होता? चष्मेवाला. कॉलेज संपत आलेला, आमच्याकडे शिकाऊ म्हणून लागलेला, विद्यार्थी गटातून उतरलेला. पोरगं वाईट नव्हतं, हीच तर चीड आणणारी गोष्ट. भेटला की "ताई, पाणी घेता का?" म्हणायचा. घे म्हणावं तूच!

शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही सगळे ट्रेनिंगच्या खोलीत होतो. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर जगभरातली नावं खालीवर होत होती. दुपारी स्पर्धा बंद होणार होती. आमच्या हातात एकच भट्टी लावण्याइतका वेळ उरला होता. साहेब मागे हाताची घडी घालून उभे होते. चष्मेवाल्याचं आटोपलं होतं, तो नखं खात बसला होता.

"वेग आठपट ठेव," मी म्हटलं. सगळे तसंच करायचे. खऱ्या वेगाने भट्टी चालवत बसलो असतो तर दुपार हातची गेली असती.

दादाने ऑक्सिजन सोडला. पडद्यावरच्या भट्टीत फेस चढायला लागला. मी आकडे वाचत होते, "कार्बन उतरतोय. फॉस्फरस अजून जास्त आहे. दादा, चुना!"

"दिसतंय गं."

"फेस वर येतोय!"

"ओरडू नकोस, येऊ दे." त्याने ऑक्सिजनची नळी किंचित खाली घेतली. फेस काठाशी आला, थबकला आणि बसला. तापमान चढत चढत नेमकं हवं तिथे आलं. कार्बन बरोबर, फॉस्फरस बरोबर. मी खर्चाचा आकडा बघितला. चष्मेवाल्यापेक्षा कमी! त्यालाही ते दिसलं असावं, कारण त्याने नखं खाणं थांबवलं.

दादाने ऑक्सिजन बंद केला. आता फक्त भट्टी कलती करायची आणि पोलाद लॅडलमध्ये ओतायचं. एक बटण. बस्स.

दादाने माउसवरचा हात काढला.

"दादा, ओत!"

तो खुर्चीतून अर्धा उठला, मान पुढे काढली आणि टेबलापलीकडे खाली बघायला लागला. मला वाटलं काहीतरी पडलं. तिथे नुसती सतरंजी होती.

"दादा! तापमान उतरतंय!"

त्याने पंजा दाखवला. थांब. आठपट वेगात तापमान धडाधड कोसळत होतं. मी त्याचा खांदा गदागदा हलवला तेव्हा तो दचकला आणि बटण दाबलं. पोलाद ओतलं गेलं, आकडा लाल झाला. माल थंड. नापास.

हातातोंडाशी आलेला घास! माझा तोल सुटला. "काय बघत होतास? सतरंजी? वहिनीला काय सांगू मी? सतरंजीची नक्षी छान होती म्हणून सांगू?"

दादा पांढराफटक पडला होता. "खाली कोणी आहे का, बघत होतो."

"इथे खाली कोण असणार, डोंबल?"

"तू," तो म्हणाला. "तुझा हात वर झालेला दिसला नाही. तो दिसल्याशिवाय मी कधी भट्टी कलती केलीय का?"

माझा हात त्याच्या शेजारी, टेबलावर होता. इतक्या वर्षांत गाडी जागेवर लावली की मी खालून हात वर करत आले, निघून जात आले. वर कोणीतरी जीव मुठीत धरून त्या हाताची वाट बघतं, हे माझ्या गावीही नव्हतं. मी भर खोलीत रडले.

साहेब जवळ आले. "कॉम्प्युटरमध्ये खाली माणसं नसतात हो," ते म्हणाले. वाईट त्यांनाही वाटलं असावं, पण नियम तो नियम. खुर्ची चष्मेवाल्याला गेली. मी भांडायला उठले, तर दादाने मला मनगट धरून बसवलं.

गोदामावर रुजू व्हायच्या आदल्या सकाळी दादा कारखान्यात आला. वर गेलाच नाही. चष्मेवाल्याला घेऊन सरळ खाली आला, आमच्यात. प्रत्येकापाशी थांबला, कोण कुठे उभं असतं, कोण कोणत्या बाजूने बाहेर पडतं, सगळं दाखवलं. शेवटी माझ्यापाशी आला.

"ही माझी बहीण. हिचा हात दिसला की मगच ओतायचं."

"आणि नाहीच दिसला तर?" चष्मेवाल्याने विचारलं. "माल थंड होईल ना, दादा."

"होऊ दे. थांबायचं."

चष्मेवाल्याने मान हलवली.

"मान नको हलवूस," दादा म्हणाला. "तोंडाने म्हण. हिच्यासमोर म्हण."

पोरगं माझ्याकडे वळलं. "थांबेन, ताई," तो म्हणाला.

"मोठ्याने," दादा म्हणाला.