गोड्या विहिरीची दवा

भांडायला माझ्यासारखी दुसरी नाय, म्हणून पाड्यातल्या बायांनी मला बेटेगावच्या वर्गाला पाठवलं. तारापूरला विजेच्या कारखान्याचं बांधकाम चाललं होतं, त्या साली. ग्रामसेविका विजयाबाई गावागावातल्या एकेका बाईला शिकवायच्या. पाणी कसं राखायचं, पटकी आली तर काय करायचं. शिकून आपलं गाव आपण सांभाळा म्हणायच्या. मी शिकून आले आन् महिना गेला नाय तर पटकी आलीच.

पहिला झिपरू गेला. सकाळी उलट्या-जुलाब, संध्याकाळी तिरडी. मग त्याची बायको आडवी झाली, शेजारची पोरं आडवी झाली. बोईसरला निरोप धाडला, पण डॉक्टर यायचा तवा यायचा. सगळा पाडा एकाच गोड्या विहिरीचं पाणी प्यायचा, बाकीच्या विहिरी खारट. विजयाबाईंनी दिलेली पांढरी पावडर माझ्या घरात होती. ती विहिरीत पडली नाय तर आणखी माणसं जाणार, हे मला दिसत होतं.

डबा घेऊन गेले तर विहिरीच्या काठावर माझी सासू बसलेली. साखरबाय. पदर खोचून, पाय पसरून.

"इथं पाऊल टाकायचं नाय, जमने."

मला सातवा महिना चालू होता. आमच्यात गरवार बाई विहिरीत वाकत नाय. पाण्यातल्या आसरा पोटातलं ओढून नेतात, म्हणतात. त्याआधी माझी दोन गेली होती. दोन्ही वेळा सासू माझ्यापेक्षा जास्त रडली होती. ते ठाऊक असूनही मला राग आला.

"आये, ऊठ. झिपरूच्या घरात काय झालं ते बघितलंस ना?"

"बघितलं म्हणून तर बसले. आसरा कोपल्यात, आन् तू त्यांच्या तोंडात चुना घालतेस?"

हंडे घेऊन आलेल्या बायाही बोलायला लागल्या. शेजारची हंसा म्हणाली, "विहीर नासली तर आमी काय समुद्र प्यायचा? वास बघा मेल्या दवेचा!"

मी कुणाचं ऐकलं नाय. बादलीत पावडर कालवली, गाळ खाली बसू दिला, वरचं निवळ दुसऱ्या बादलीत घेतलं. सासू हलेना, तर पलीकडून गेले आन् वाकले. सासू किंचाळली, "पोर! माझं पोर!" तोवर मी ओतून मोकळी झाले होते. पोटातलं पोर हलेना, आन् घडीभर मलाही आसरांची भीती वाटली. खोटं कशाला बोलू?

तासभर पाणी काढायचं नाय, असं मी बजावलं. कुणी घरी गेलं नाय, सगळ्या माझ्या पोटाकडे बघत उभ्या. तास भरल्यावर मी पोहरा ओढला. हंसानं तोंड फिरवलं.

"आमी नाय पिणार, बाय. आमी तळ्यातलं आणू."

तळ्यात तर झिपरूच्या घरचे कपडे धुतलेले! माझं डोकंच फिरलं.

"मग बघा, मी पिते!"

गडवा भरून मी तोंडाशी नेला. सासूनं तो हिसकावून घेतला. तिचे डोळे भरून आले होते.

"दोन घालवलीस, हे तिसरं पण घालवतेस? विष असलं तर मी मरेन."

आन् तिनं घटाघटा सगळा गडवा रिकामा केला.

मग ती काठावर बसून राहिली, आन् सगळा पाडा ती कधी कोसळते ते बघत राहिला. मी तिच्या पायाशी बसले. दवेवर माझा विश्वास होता, तरी तिला साधी ढेकर आली की मी दचकून तिच्या तोंडाकडे बघायची.

हंसानं विचारलं, "काकी, पोटात जळतंय का?"

"जळतंय. तुमची थोबाडं बघून."

दिवस कलला तरी ती तशीच धडधाकट. हंसानं हंडा भरला, मागोमाग बाकीच्यांनी भरले. मला रडूच फुटलं.

सासू उठली. "ही दवा उद्या पण टाकायची?"

"पटकी जाईपर्यंत रोज."

"मग उद्यापासून तू विहिरीजवळ यायचं नाय. बादली दे इकडं, आन् कशी कालवायची ते मला शिकव. आसरांचं मी बघून घेते."