आय कम, सर

प्रोफेसर ग्रेडींची नोकरी गेली आणि ती तुकारामने घालवली. हे वाक्य आपण वाचलंच नाही असं समजू. इंग्रजी विभागातही सगळे तसंच समजून चालतात.

तर ग्रेडी अमेरिकन लेखक. तीन कादंबऱ्या लिहिलेल्या. तिन्हींच्या भरपूर प्रती त्यांच्याच कपाटात. बहारीनमधल्या मनामातल्या एका विद्यापीठात इंग्रजी शिकवायचे. तुकाराम गुहागरचा, त्याच विभागात. वय एक्कावन्न, हुद्दा ऑफिसबॉय.

चारला शिफ्ट संपली की तुकाराम दारातून डोकं आत घालायचा. "आय कम, सर."

"ओके, तुकाराम." ग्रेडी घड्याळ बघायचे आणि वहीत काहीतरी लिहायचे. रोज. दोन वर्षं.

गेटवरच्या ताहिरने एकदा सांगितलं, "तेरे जाने के बाद छह बजे तक बैठता है. दरवाज़ा ताकता है. जासूस है, भाई."

"जासूसी करेगा किसका? मेरा?"

"तू चाय में क्या डालता है?"

"अद्रक."

"देखा!"

त्यानंतर तुकारामला झोप कसली लागतेय. एचआरमधल्या पुण्याच्या पूर्णिमाकडे तो गेला. "मॅडम, तक्रार लिवा. कामानंतर थांबतात, दाराकडे बघतात, वहीत लिवतात."

"नक्की ना काका? त्यांचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यूअलला आलंय."

"लिवा. उद्या माझ्या व्हिसावर आलं तर?"

चौकशीत वही जमा झाली. ती वाचायच्या आधीच कॉन्ट्रॅक्ट खलास झालं. फाईल बंद करायची म्हणून शेवटी पूर्णिमाने वही उघडली आणि तुकारामला बोलावून घेतलं.

"काका, घरी जाताना सरांना काय सांगता?"

"येतो सांगतो. जातो कसं बोलणार? अपशकुन."

"इंग्रजीत?"

"आय कम."

पूर्णिमाने एक पान मराठीत वाचून दाखवलं. 'मंगळवार. तुकाराम येतो म्हणाला. सहापर्यंत थांबलो. आला नाही. काहीतरी अवघड सांगायचं असावं. घाई करू नये. उद्या थांबेन.'

"पुढे?"

"बुधवार. तेच. सगळी वही तेच आहे, काका."

"सर कुठे आहेत?"

"सकाळच्या विमानाने गेले."

तुकाराम बराच वेळ टेबलाची कड पुसत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, एक अर्ज लिवा."

'माननीय एचआर विभाग. दोन वर्षांत प्रो. ग्रेडी यांनी अर्जदाराची वाट पाहण्यात घालवलेले रोजचे दोन तास अर्जदाराच्या रजेतून वजा करून सरांच्या कॉन्ट्रॅक्टला जोडावेत व त्यांना त्वरित कामावर हजर करून घ्यावे, ही नम्र विनंती.'