काठ नसलेली कणगी

मित्रांनो, मी धान्य साठवायची एक जुनी बांबूची कणगी आहे आणि मनात डूख धरणारी आहे. हे आधीच सांगते, म्हणजे शेवटी माझ्याकडून क्षमेची अपेक्षा ठेवू नका.

म्हसा गावाजवळच्या एका खेड्यात, कमळू शेतकऱ्याच्या पडवीत मला लखमाने विणले. लखमा गावाबाहेरच्या वाडीतला. काठ बांधताना तो कोणाशी बोलत नसे. माझा काठ त्याने दुहेरी बांधला. मग कमळूच्या बायकोने मला शेणमातीने लिंपले. बावीस वर्षे मी भात सांभाळले, एक उंदीर आत शिरू दिला नाही. पुढे प्लॅस्टिकच्या गोण्या आल्या आणि मी गोठ्यात गेले. वाईट वाटले, पण राग आला नाही.

राग आला तो सूरजचा. गावच्या बंद भातगिरणीत सहा कलाकार महिनाभर राहायला आले. शेवटच्या रविवारी सगळ्यांचे मिळून प्रदर्शन होते. जपानहून आलेली एक बाई ओढ्याची माती चाळत बसे, कोणी पाने उकळून कागद करी. लखमाची सून अक्षदा त्यांचा स्वयंपाक करी. मुंबईचा सूरज मात्र वीस दिवस फोनवर बोलत हिंडला. मग घायकुतीला येऊन त्याने मला गोठ्यातून उचलले, माझे लिंपण खरवडले, काठ कापून टाकला आणि लखमाला बोलावून माझी उंची दोन हात वाढवून घेतली.

"टोकं मोकळीच ठेवा काका, छान दिसतात."

"काठ नाय बांधला तर उकलंल रे," लखमा म्हणाला.

"उकलू दे. तीच तर गंमत आहे."

लखमा काठ न बांधता घरी गेला. असे त्याने जन्मात केले नव्हते.

शनिवारी माझ्याशेजारी पाटी लागली. अक्षदाने ती सासऱ्याला वाचून दाखवली. "मामा, इणणारा म्हणून सूरजचा नाव हाय. तुमचा नाय."

लखमाला वाचता येत नव्हते. त्याने पाटीवरून बोट फिरवले. "खाली बारीक पण नाय?"

"नाय."

माझ्या बांबूच्या कामटी-कामटीत आग पेटली. याचे उट्टे काढायचेच, असे मी ठरवले.

रविवारी सूरजने मला गळ्यापर्यंत भात भरून उभे केले. पाहुणे जमले. "ही विणताना माझी बोटं सोलवटली," तो सांगू लागला. मी याच वाक्याची वाट पाहत होते. लिंपण नाही, काठ नाही. मी अंग सैल सोडले. टोके फाकली, पोट उकलले आणि सगळे भात पाहुण्यांच्या पायांवर ओतले गेले.

एक बाई म्हणाल्या, "असू दे. परत विणा ना, आम्हाला बघायला आवडेल."

सूरज कामट्यांशी झटू लागला. मी त्याच्या अंगठ्यात बांबूची कूस खोल घातली. दहा मिनिटांत सगळ्यांना काय ते कळले. शेवटी तो दारात उभ्या लखमाकडे धावला. "काका, प्लीज."

"जेचा नाव, तेनी इणावी," लखमा म्हणाला आणि चालू लागला.

प्रदर्शनात माझी जागा रिकामीच राहिली. दुसऱ्या दिवशी लखमाने मला वाडीवर नेऊन उरल्यासुरल्या कामट्यांचे कोंबडीच्या पिलांवर झाकायचे डाले केले. आता माझ्यात भात भरले जाणार नाही, याचे दुःख आहे. पण काठ दुहेरी आहे.

मित्रांनो, जुनी वस्तू खुशाल न्या, जपा. फक्त ती कोणी केली ते आधी विचारा आणि ते नाव चारचौघांत सांगा. सूरजच्या अंगठ्यातली कूस अजून निघालेली नाही, असे काल अक्षदा सांगत होती. ऐकून मला बरे वाटले.