कन्येची हजेरी उत्तम

प्रवेश कार्यालयाचं उत्तर आलं, तेव्हा शर्वाणी दोन महिन्यांपासून पुण्याच्या त्या कॉलेजात शिकत होती आणि मिरजेच्या घरात वडिलांसमोर बसून गवारही मोडत होती.

दिगंबर नाईकवडे पाटबंधारे खात्यात कारकून होते. अर्जविनंतीची भाषा त्यांच्या हातात बसलेली, त्यामुळे मुलीच्या प्रवेशाचे मेल तेच लिहीत. आज त्यांनी रजा टाकून लिहिलं होतं, 'महोदय, कन्येचं नाव अजून प्रतीक्षा यादीत आहे. काही कळू शकल्यास आभारी राहीन.' उत्तर आलं, 'आपली कन्या जूनपासून इथे शिकत आहे. हजेरी उत्तम.'

"नावात घोळ झाला असेल," शर्वाणी म्हणाली. तिनं मान वर केली नाही.

ते त्यांना खटकलं.

'तसदीबद्दल क्षमस्व. कन्या माझ्यासमोर बसली आहे,' त्यांनी कळवलं.

'तसं असल्यास समोरच्या मुलीची खात्री करून घ्यावी, ही नम्र विनंती.'

दिगंबररावांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुझा हात मोडलेला, तो कुठला गं?"

"डावा. तिसरीत. झोपाळ्यावरून पडले होते."

"रडली होतीस?"

"नाही. तुम्हीच सांगत असता की सगळ्यांना."

अगदी बरोबर. त्यांनी ते जसंच्या तसं लिहून पाठवलं. कार्यालयानं आभार मानले. 'इथली कन्या मात्र सांगते, ती खूप रडली होती. आपण त्या दिवशी दौऱ्यावर होता. बाबांना सांगू नकोस, असं आई म्हणाली होती.'

त्यांनी चष्मा पुसला. दौरा खरा होता. विचारायला शर्वाणीची आई आता नव्हती. समोरची मुलगी शेंगांच्या शिरा काढत होती. तीच बोटं, तीच मानेची लकब. ती इतकी तंतोतंत का होती, हेच त्यांना कळेना.

'कन्येशी एकदा बोलता आलं तर उपकार होतील,' त्यांनी लिहिलं.

'क्षमस्व. कन्येला फक्त वडिलांशी बोलता येतं. वडील कालच येऊन भेटले, आज तिला घेऊन घरी निघाले. आपण कोण, ते कृपया कळवावं.'

दिगंबररावांनी नाव लिहिलं. त्याखाली हुद्दा लिहिला. पुढे काय लिहावं ते सुचेना.

"तू सांग बाई यांना, मी कोण ते."

शर्वाणीनं पहिल्यांदा वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"बाबा, तुम्ही सकाळपासून इथेच आहात?"

"मग कुठे जाणार?"

"मघाशी फोन आला होता."

"कुणाचा?"

"तुमचा. स्टँडवर उतरलोय म्हणालात. दोघं जेवायलाच येतोय."

जिन्यात पावलं वाजली. एक जड, एक हलकं. जड पाऊल चौथ्या पायरीवर दम खायला थांबलं, तसं दिगंबरराव नेहमी थांबत.

शर्वाणी उठली. तिनं दाराची कडी काढली, दोन ताटं मांडली, दोन तांबे भरून ठेवले, आणि दिगंबररावांच्या शेजारी येऊन भिंतीला लागून उभी राहिली.